पुणे ते नागपूर : अंतर किती, वेळ किती?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.)



आजचा विषय ऐकून काही जणांनी मला आधीच विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाचा माणूस विमानाच्या वेळापत्रकावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. पुण्याहून नागपूर किती लांब आहे आणि विमानाला किती वेळ लागतो, हे आज कोणीही फोनवर दोन सेकंदांत बघतो. अंतर सहाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ एक तास वीस मिनिटं. संपलं. त्यावर तासभर बोलायचं काय?

बोलायचं ते एवढ्यासाठी, की या दोन आकड्यांमधला प्रत्येक आकडा कशाचा तरी आहे, आणि तो कशाचा आहे हे आपण विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. त्याची किंमत काय झाली ते मी शेवटाकडे सांगेन. आधी अंतराचं बघू.

एकाच प्रवासाची तीन अंतरं

पुणे आणि नागपूर यांच्यामध्ये अंतर किती? रेल्वेनं गेलात तर सुमारे ८८० किलोमीटर. कारण गाडी सरळ जात नाही. दौंड, नगर, मनमाड, मग जळगाव, भुसावळ, अकोला, वर्धा अशी वर चढून मग पूर्वेला वळते. मोटारीनं गेलात तर मार्गाप्रमाणे ७०० ते ७२५. आणि विमानासाठी जे अंतर सांगतात ते साधारण ६०४. म्हणजे त्याच दोन शहरांमध्ये पावणेतीनशे किलोमीटरचा फरक. यातलं खरं कोणतं?

सगळीच खरी आहेत. रुळाचं अंतर खरं आहे, डांबराचं अंतर खरं आहे. विमानाचं जे ६०४ आहे ते मात्र जरा वेगळ्या जातीचं आहे. ते कोणी चालून, टेप लावून मोजलेलं नाही. ते गणितानं काढलेलं आहे. कसं काढतात ते आपण इथंच करून बघू. अवघड नाही, कागद-पेन्सिल असेल तर घ्या.

पुण्याचा लोहगाव विमानतळ साधारण १८ अंश ३५ मिनिटं उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५५ मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. नागपूरचा विमानतळ, म्हणजे आपण ज्याला जुन्या सवयीनं सोनेगाव म्हणतो तो, साधारण २१ अंश ५ मिनिटं उत्तर आणि ७९ अंश ३ मिनिटं पूर्व. वजाबाकी करा. उत्तर-दक्षिण फरक अडीच अंश. पूर्व-पश्चिम फरक पाच अंश आठ मिनिटं, दशांशात ५.१३ अंश.

आता पृथ्वीच्या पृष्ठावर एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. उत्तर-दक्षिण अडीच अंशांचे झाले २७८ किलोमीटर. पूर्व-पश्चिमेला मात्र एक गोम आहे. रेखावृत्तं ध्रुवाकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात, संत्र्याच्या फोडी देठाशी निमुळत्या होतात तशी. (नागपूरचा विषय आहे, तेव्हा संत्रं आणायलाच हवं.) आपल्या पट्ट्यात, वीस अंश अक्षांशावर, एक रेखांश पूर्ण १११ किलोमीटरचा नसतो. त्याला ०.९४ नं गुणायचं. ५.१३ गुणिले १११ गुणिले ०.९४, उत्तर येतं ५३५ च्या आसपास. मग शाळेतला पायथागोरस. २७८ चा वर्ग अधिक ५३५ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. येतं ६०३. जरा जास्त काटेकोर आकडे धरले तर ६०४. वैमानिकांच्या भाषेत ३२६ नॉटिकल मैल. नॉटिकल मैल म्हणजे १८५२ मीटर. अक्षांशाच्या एका अंशाचे साठ भाग केले तर त्यातला एक साधारण एवढा भरतो, त्यावरून हे माप आलं.

हे झालं महावृत्तावरचं अंतर. संत्र्यावर दोन बिंदू घ्या आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा, दोरा जो रस्ता घेईल तो सर्वांत जवळचा. मुंबई-न्यूयॉर्कसारख्या प्रवासात हा रस्ता सपाट नकाशावर कमानीसारखा वाकडा दिसतो. पुणे-नागपूर इतकं छोटं आहे, की नकाशावर पट्टीनं ओढलेली रेघ आणि ताणलेला दोरा यांत काही फरक राहत नाही.

पण लक्षात घ्या, या दोऱ्यावरून कोणीही कधी प्रवास करत नाही. विमानसुद्धा करत नाही.

विमान प्रत्यक्षात कुठून जातं

विमान वाऱ्याच्या समोर तोंड करून उडतं आणि उतरतं. तसं केल्यानं पंखांना लागणारी हवेची गती जमिनीवर कमी धावूनच मिळते. पुण्याची धावपट्टी साधारण पूर्व-पश्चिम आहे. तिच्या दोन टोकांना १० आणि २८ हे आकडे आहेत, म्हणजे होकायंत्रावरचे १०० आणि २८० अंश. नागपूर पुण्याच्या ईशान्येला, जरासं पूर्वेकडे झुकलेलं आहे. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येत असला तर नागपूरला जाणारं विमान आधी पश्चिमेकडे, म्हणजे नागपूरकडे पाठ करून उडतं आणि मग वळसा घेतं. प्रवासाची पहिली काही मिनिटं आपण गंतव्यापासून लांब जात असतो. आयुष्यातही असं बऱ्याचदा होतं, पण ते राहू दे.

त्यानंतर ठरलेले हवाई मार्ग असतात, त्यावरचे ठरलेले बिंदू असतात. लोहगाव मूळचा हवाई दलाचा तळ आहे, धावपट्टी दोघांची एकच, त्यामुळे नागरी विमानांना हवाई दलाच्या उड्डाणांचाही मान राखावा लागतो. नागपूरला धावपट्टी आहे आग्नेय-वायव्य. पुण्याकडून येणारं विमान तिच्या रेषेत येण्यासाठी पुन्हा वळतं. पुढं दुसरं विमान उतरत असेल तर हवाई वाहतूक नियंत्रक आणखी एक वळसा घालायला लावतो. तेव्हा ६०४ हा आकडा किमान मर्यादा आहे. त्याहून कमी होऊ शकत नाही, जास्त रोजच होतं.

एक गंमत. विमान दहा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापासून तेवढं लांबून जातं. म्हणून मार्ग लांबतो का? लांबतो. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर, त्यात दहा मिळवले तर ६०४ किलोमीटरला जेमतेम एक किलोमीटर वाढतो. उंचीनं अंतर वाढत नाही. चढण्या-उतरण्यात वेळ जातो, तो भाग निराळा.

"एक तास वीस मिनिटं" कशाची?

आता वेळेकडे येऊ. प्रवासी विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटरच्या आसपास जातं. ६०४ भागिले ८००, पंचेचाळीस मिनिटं. मग वेळापत्रकात एक तास वीस मिनिटं, कधी दीड तास का लिहितात?

पहिलं कारण, ताशी आठशे हा वेग फक्त वरच्या सपाट प्रवासाचा आहे. एवढ्या छोट्या प्रवासात वीसेक मिनिटं चढण्यात जातात आणि तेवढीच किंवा थोडी अधिक उतरण्यात. मधला सपाट तुकडा पंधरा-वीस मिनिटांचा. चहाचा कप हातात येईपर्यंत विमान उतरायला लागलेलं असतं. जमीन सोडल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत साधारण पंचावन्न मिनिटं ते एक तास.

दुसरं कारण शब्दातच आहे. हवाई क्षेत्रात 'फ्लाइट टाइम' या शब्दाची आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे. विमान उड्डाणाच्या हेतूनं पहिल्यांदा जागचं हललं, तिथपासून ते प्रवास संपवून अखेरचं थांबलं, तिथपर्यंतचा सगळा वेळ. म्हणजे जमिनीवर रांगत रांगत धावपट्टीकडे जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर फलाटाशी येणं, हे सगळं उड्डाणाच्या वेळेत धरलेलं आहे. आपण ऐकतो 'उड्डाण', आणि त्यातली वीस-पंचवीस मिनिटं विमान चाकांवर असतं.

तिसरं कारण, कंपन्या त्यात थोडी गाळणी ठेवतात. गाळणी म्हणजे शिल्लक मिनिटं. ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत पोचलं तर विमान वेळेवर आलं असं धरण्याची पद्धत आहे. आधीच थोडी मिनिटं जास्त लिहिली की वेळेवर पोचणं सोपं. ही फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. आपणही पाहुण्यांना सातला बोलवायचं तर साडेसहा सांगतो.

तेव्हा ६०४ किलोमीटर एक तास वीस मिनिटांत, सरासरी वेग ताशी साधारण ४५०. आणि कोथरूडच्या घरापासून नागपुरातल्या धरमपेठेतल्या घरापर्यंत हिशेब केला तर? घरापासून लोहगाव एक तास, विमानतळावर दोन तास आधी, एक तास वीस मिनिटं विमान, सामानाची वीस मिनिटं, पुढं अर्धा तास. पाच तास दहा मिनिटं. सरासरी ताशी ११७ किलोमीटर. आठशेपासून निघालो होतो, एकशेसतरावर आलो. तरीही रेल्वेपेक्षा खूप पुढं आहोत. नागपूर-पुणे वंदे भारतला बारा तास लागतात, इतर गाड्यांना त्याहून जास्त. विमानाची बाजू लंगडी आहे असं मला सांगायचं नाही. मला सांगायचंय की आठशे, साडेचारशे आणि एकशेसतरा हे तिन्ही आकडे एकाच प्रवासाचे आहेत, आणि जाहिरातीत आपल्याला नेहमी वरचा दिसतो.

आणखी एक. या मार्गावर पंख्याचं, म्हणजे एटीआर जातीचं विमान ठेवलं तर त्याचा वेग ताशी पाचशे. जेटच्या तुलनेत फार कमी. पण सहाशे किलोमीटरला फरक पडतो वीस-पंचवीस मिनिटांचाच. कारण वेळ जातो तो टोकांना. म्हणून छोट्या शहरांच्या मार्गांवर छोटी, कमी इंधन पिणारी विमानं परवडतात.

अंतर मोजायचं कशानं : आपल्याकडचा जुना विचार

आता जरा माझ्या विषयाकडे येतो. कणादांच्या वैशेषिक दर्शनात नऊ द्रव्यं मानली आहेत, त्यात दिशा आणि काळ ही दोन स्वतंत्र द्रव्यं. आणि पुढं अन्नंभट्टांच्या तर्कसंग्रहात चोवीस गुणांची यादी येते, त्यात एक जोडी आहे : परत्व आणि अपरत्व. साध्या मराठीत लांबपणा आणि जवळपणा. गंमत अशी, की हीच जोडी दोन ठिकाणी वापरतात. जागेच्या बाबतीत लांब आणि जवळ, काळाच्या बाबतीत थोरला आणि धाकटा. शब्द एक, गुण दोन तऱ्हेचे. आपल्या लोकांना ते दोन्ही सारखे दिसत होते आणि तरी ते वेगळे ठेवायला हवेत हेही कळत होतं.

नैयायिकांचं ठरलेलं उदाहरण पाटलिपुत्राचं आहे. पाटलिपुत्राहून बघितलं तर काशीपेक्षा प्रयाग लांब. पण कुरुक्षेत्राच्या तुलनेत तेच प्रयाग जवळ. म्हणजे 'लांब' म्हणताना तीन गोष्टी लागतात : कुठून, कोण, आणि कोणाच्या तुलनेत. आणि लांब कसं ठरवायचं? मधे किती वस्तू एकमेकींना लागून आहेत त्यावरून. मधल्या गोष्टी जास्त, तर अंतर जास्त. ही कल्पना मला विमानतळावर उभं असताना फार पटते. घर, रिक्षा, दार, तपासणी, रांग, बस, शिडी, खुर्ची. मधल्या गोष्टी मोजा. अंतर तिथं आहे.

आणि आपली भाषासुद्धा बघा. 'कोस' हा शब्द संस्कृत 'क्रोश'वरून आला, आणि क्रोश म्हणजे हाक, ओरडणं. आजही आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. 'मजल' म्हणजे एका दिवसाची चाल, म्हणून 'मजल दरमजल'. म्हणजे किलोमीटर यायच्या आधी माणूस अंतर मोजत होता ते आवाजानं आणि वेळानं. ती माणसं अडाणी होती म्हणून नव्हे. त्यांना हवा असलेला प्रश्न वेगळा होता : तिथल्या माणसापर्यंत मी पोचेन का, आणि कधी?

आणि सरकारसुद्धा अखेर याच भाषेत बोलतं. 'उडान' योजना आठवा. धोरण आलं २०१६ मध्ये, पहिली विमानं एप्रिल २०१७ मध्ये उडाली, त्यात शिमला-दिल्लीबरोबर आपलं नांदेड-हैदराबादही होतं. योजनेचं मूळ सूत्र काय होतं? साधारण पाचशे किलोमीटरचा, तासाभराचा विमानप्रवास, आणि त्यातल्या ठरावीक जागांना अडीच हजार रुपयांची मर्यादा. अंतर, वेळ आणि पैसा एका वाक्यात. तोटा भरून काढायची मदत ठरावीक मुदतीपुरती, सुरुवातीला तीन वर्षं. म्हणून काही मार्ग सुरू झाले आणि मुदत संपल्यावर बंद पडले. मार्ग बंद झाला त्या दिवशी गाव एक किलोमीटरही हललं नाही, पण लांब गेलं. हे ज्यांच्या गावात झालं त्यांना मी काय म्हणतो ते कळेल.

नागपूर मध्ये आहे, म्हणजे कुठे आहे?

नागपूरच्या बाबतीत हे विशेष जाणवतं. नागपुरात झिरो माइलचा दगड आहे, इंग्रजांच्या काळातल्या सर्वेक्षणाच्या वेळचा. त्यावर जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल, चांदा, हैदराबाद अशी गावांची अंतरं कोरलेली आहेत. नागपूर देशाच्या मध्यावर, असं प्रत्येक नागपूरकर अभिमानानं सांगतो. आणि एका काळात ते अगदी शब्दशः खरं होतं. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, चारही बाजूंनी विमानं संध्याकाळनंतर निघायची, मध्यरात्री नागपूरला एकत्र यायची, टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. नागपूरपासून ही चारही शहरं सरळ रेषेत साधारण ६८० ते ९९० किलोमीटरच्या आत. भूगोलानं जे दिलं ते वेळापत्रकानं कामाला लावलं.

पण मध्यावर असणं म्हणजे जवळ असणं नव्हे. महाराष्ट्राच्या नकाशात नागपूर एका टोकाला आहे. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन दर वर्षी नागपूरला घेण्याचं कलम आलं, ते याच जाणिवेतून. लोकांनी मुंबईला यायचं, त्यापेक्षा वर्षातून एकदा सरकारनं अंतर कापावं. देशाच्या मध्याला असलेलं शहर राज्याच्या कडेला. परत्व-अपरत्व, कोणाच्या तुलनेत हे विचारल्याशिवाय सांगताच येत नाही. आणि गडचिरोलीच्या माणसाला विचारा. तो आधी सुमारे १७० किलोमीटर रस्त्यानं नागपूरला येणार, मग त्याचा एक तास वीस मिनिटांचा प्रवास सुरू होणार.

हे नुसतं तात्त्विक नाही. अवयवदानाचं बघा. काढलेलं हृदय चार ते सहा तासांत दुसऱ्या शरीरात चालू व्हावं लागतं. मूत्रपिंड थंड ठेवून चोवीस-तीस तास थांबू शकतं. म्हणून मूत्रपिंडासाठी पुणे-नागपूर जवळ आहेत आणि हृदयासाठी लांब. तेच ६०४ किलोमीटर. तिथले डॉक्टर किलोमीटर विचारत नाहीत. ते शस्त्रक्रियागृहाच्या दारापासून दुसऱ्या शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत किती मिनिटं एवढंच विचारतात. आणि वेळ कुठं वाचवतात? विमानाला जोरात पळवून नाही. दोन्ही टोकांचे रस्ते मोकळे करून. ज्याला आपण ग्रीन कॉरिडॉर म्हणतो तो हाच. अंतर टोकांना असतं, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

माझी चूक

आता मी जे सांगणार होतो ते.

माझी थोरली बहीण नागपूरला असायची. काही वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये दुपारी पावणेतीनला भाच्याचा फोन आला. म्हणाला, "मामा, आईला दवाखान्यात आणलंय. तुम्ही निघाच." मी रात्री साडेआठच्या विमानाचं तिकीट काढलं. वेळापत्रकात पोचायची वेळ नऊ पन्नास. मी भाच्याला फोन केला आणि म्हणालो, "ताईला सांग, दहाला येतोय."

विमानतळावर गेलो. तिथं कळलं की आमचं विमान उत्तरेकडून यायचंय, आणि तिकडं धुकं आहे. हे मला तेव्हा समजलं, की विमान हे एका मार्गाचं नसतं. ते सकाळपासून चार-पाच गावं करत आलेलं असतं. सकाळी एका गावात झालेला उशीर संध्याकाळी दुसऱ्या गावातल्या माणसाच्या वाट्याला येतो. आधी सव्वानऊ सांगितलं, मग साडेदहा, मग एक. विमान जागचं हललं रात्री एक वाजून दहा मिनिटांनी. उतरलो सव्वादोनला. दवाखान्यात पोचलो तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ताई त्याआधी दीड तास गेली होती. मी नुकताच हवेत होतो.

मी पुष्कळ दिवस हा विचार केला, की गाडीनं निघालो असतो तर? हिशेब करून बघितला. मोटारीनं पहाटे पाचच्या आधी पोचलो नसतो. रेल्वेनं दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा. म्हणजे उशीर होऊनही विमानच सर्वांत लवकर पोचलं. तेव्हा निवड चुकली नव्हती. कोणाला दोष द्यावा असंही नव्हतं, धुक्यात विमान थांबवणं हेच बरोबर होतं.

चुकलं ते दुसरंच. भाचा नंतर म्हणाला, "आई सारखी विचारत होती, दहा वाजले का. दहा वाजून गेल्यावरही विचारत होती." तिनं माझा शब्द धरून ठेवला होता. तो शब्द माझा नव्हताच, तो वेळापत्रकातला आकडा होता. एक सरासरी, एक अंदाज, व्यवस्थेची एक अपेक्षा. मी ते उचललं आणि वचन म्हणून तिच्या हातात दिलं. 'रात्रीतून येतोय' म्हणालो असतो तर ते खरं ठरलं असतं. ती तरीही गेलीच असती, पण तिला दहाचा ठोका मोजावा लागला नसता.

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याचं एक साधं उदाहरण मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं. पाण्यात साखर टाकली तर ती विरघळेपर्यंत मला थांबावंच लागतं. घड्याळाचा वेळ कागदावर लांबवता-आखडता येतो, वाट बघणाऱ्याचा वेळ येत नाही. इतकी वर्षं शिकवलं आणि ज्या दिवशी वापरायचं त्या दिवशी वापरलं नाही. एक तास वीस मिनिटांच्या प्रवासाला मला जवळजवळ साडेबारा तास लागले. त्यातला जड वेळ माझ्या बहिणीच्या वाट्याला आला, माझ्या नव्हे.

तेव्हा मी आता आकडा सांगताना दोन गोष्टी सांगतो. हा आकडा कशापासून कशापर्यंतचा आहे. आणि त्यात किती मागंपुढं होऊ शकतं. 'विमान दहाला टेकायचंय, घरी अकरा-साडेअकरा, धुकं असेल तर पहाट.' वाक्य लांबतं. लांबू दे.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, पुणे-नागपूर आणि नागपूर-पुणे यांच्या वेळा कधीकधी वेगळ्या का दिसतात?*

वाऱ्यामुळे. हिवाळ्यात दहा-अकरा किलोमीटर उंचीवर आपल्याकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो. नागपूरला जाताना तो पाठीशी, परतताना तोंडावर. पावसाळ्यात उलटं. दक्षिण भारतावर वरच्या थरात पूर्वेकडून वाहणारा झोत तयार होतो. आपल्या पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यावर महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक छोटं गणित देतो. सोयीसाठी समजा, पूर्ण अंतर ताशी आठशेनं गेलो. वारा नसेल तर जाऊन-येऊन एक्क्याण्णव मिनिटांना थोडी कमी. ताशी ऐंशीचा वारा असेल तर जाताना सव्वाएकेचाळीस, येताना पन्नासच्या थोडं वर, एकूण साधारण एक्क्याण्णव मिनिटं आणि तीस सेकंद. म्हणजे जाताना वाचलेला वेळ येताना पुरता फिटत नाही, वर थोडा तोटाच होतो. कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो.

*पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान नुसतं वर उभं राहिलं तर नागपूरच पुण्यावर सरकून येईल ना... म्हणजे पुण्याला लवकर पोचता यायला हवं?*

उलट म्हणा, नागपूरहून वर गेलं तर पुणं खाली सरकत येईल. (हशा) प्रश्न जुना आणि चांगला आहे. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण १५६० किलोमीटरनं फिरते. पण विमान, हवा आणि आपण सगळे तिच्याबरोबर फिरतोय. धावत्या रेल्वेत नाणं वर उडवलं तर ते मागच्या डब्यात पडत नाही. आर्यभटानं नावेचा दाखला दिला होता, नावेतल्या माणसाला काठ मागं जाताना दिसतो. सूर्याशी मात्र शर्यत लावता येते. नागपूरला सूर्य डोक्यावर आल्यावर पुण्याला डोक्यावर यायला वीस-साडेवीस मिनिटं लागतात, एका रेखांशाला चार मिनिटं या हिशेबानं. विमानाला तेच अंतर तासाभराचं. तेव्हा सूर्य अजून पुढं आहे.

*मग कोणी विचारलं, नागपूर किती लांब, तर एका वाक्यात काय सांगायचं?*

आधी विचारा, कशासाठी जायचंय. लग्नाला जायचं असेल तर एक उत्तर, दवाखान्यात जायचं असेल तर दुसरं. आणि तिकडं कोणी वाट बघत असेल, तर सर्वांत उशिराची वेळ सांगा. लवकर पोचलात तर कोणाचं काही बिघडत नाही.